कमानींखाली थांबू नका

भुताची गोष्ट म्हणजे मध्यरात्र, गेलेली वीज आणि रडणारी कुत्री, असं ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यांनी आधीच ऐकून घ्या. यातलं काहीही इथे नाही.

हे घडलं भर दुपारी. बारा वाजून चाळीस मिनिटांनी. नोव्हेंबरमधला मंगळवार होता. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. रस्त्यावर माणसं होती, सायकली होत्या, कुठेतरी रेडिओ चालू होता.

आणि हे खरं आहे.

कुणाच्या मित्राच्या मित्राचं नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा सख्खा मामा. शेवटचा थोडा भाग तर माझ्याच डोळ्यांसमोर घडला. पटवून द्यायला मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पटलं तर बघा, नाही पटलं तर तुम्ही नशीबवान.

मामा फोटोग्राफर. माणसांचे फोटो मात्र तो कधीच काढायचा नाही. ‘हसा’ म्हणायचा त्याला कंटाळा. जुन्या इमारतींची यादी ठेवणारं एक कार्यालय आहे, त्यांच्यासाठी तो काम करायचा. वर्षातले चार महिने समुद्राकाठच्या छोट्या छोट्या गावांतून फिरायचं. जुनी कचेरी, पडकं गोदाम, दीपगृह, दगडी धक्का. प्रत्येक इमारतीचा एक स्वच्छ फोटो, मागे समुद्र असला तर उत्तम. फोटोत माणूस नको, गाडी नको, वाळत घातलेला टॉवेल नको.

फक्त एक अपवाद. मामी.

इमारत किती उंच आहे हे फोटोवरून कळायला हवं, म्हणून माहितीच्या उंचीचं काहीतरी शेजारी उभं करावं लागतं. मामाकडे त्यासाठी काळे-पांढरे पट्टे रंगवलेली एक काठी होती. ती धरून मामी उभी राहायची. काठी सहा फूट, मामी पाच फूट एक इंच.

“आमची ओळख झाली तेव्हा तुझ्या मामाने माझं नाव नंतर विचारलं,” मामी सांगायची. “आधी उंची विचारली. म्हणाला, वा, लक्षात ठेवायला सोपी आहे.”

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. या एकतीस वर्षांत मामा तिला सोडून एक दिवसही कुठे गेला नव्हता. जिथे तो, तिथे ती. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसरीच्या खांद्यावर काठी. आम्ही सगळे त्यांना हसायचो, आणि मनातल्या मनात जळायचोही.

आता कामाची एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात घ्या. पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

गावातली इमारत म्हटली की समोरून माणसं येणार-जाणार. त्यांना काही हाकलून देता येत नाही. मग मामा लेन्सपुढे एक काळी काच लावायचा. इतकी काळी, की भर उन्हातही शटर चार-चार मिनिटं उघडं ठेवावं लागे. या चार मिनिटांत जे हलतं, ते फोटोत उमटतच नाही. चालणारी माणसं पुसली जातात. लाटा दुधासारख्या सपाट होतात.

उरतं ते फक्त स्थिर असलेलं.

म्हणून मामीला चार मिनिटं जराही न हलता उभं राहावं लागायचं. त्यासाठी तिची एक युक्ती होती. ती मनातल्या मनात पाढे म्हणायची. अकरापासून एकोणीसपर्यंत, सावकाश. एकोणीस दाहे एकशे नव्वद झालं की चार मिनिटं संपलीच. मामाच्या घड्याळापेक्षा तिचे पाढे बिनचूक.

तर त्या मंगळवारी दोघं त्या गावात पोचली.

गाव म्हणजे दोन रस्ते आणि एक बंदर. बंदराच्या टोकाला, समुद्राला लागून, एक लांबलचक बुटकी दगडी इमारत. नुसता व्हरांडाच म्हणा. सात कमानी, मागे एक सलग भिंत, समोर पाणी. दार नाही, खोली नाही, बसायला कट्टाही नाही. यादीत लिहिलं होतं, ‘बोटींची वाट पाहण्याची जागा’. बोटी परत यायच्या तेव्हा घरची माणसं इथे उभी राहून वाट बघायची म्हणे. आता बोटींना इंजिनं आहेत, खिशाखिशांत फोन आहेत. कुणाला वाट बघावी लागत नाही.

मामा बाजूच्या चढावर ट्रायपॉड लावून बघत बसला. घाई करायची नाही, हा त्याचा स्वभाव. आणि बघता बघता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली.

त्या व्हरांड्यातून लोक जात होते. बाजारात जायला जवळचा रस्ता तोच. पण कुणीही तिथे थांबत नव्हतं.

दोन बायका बोलत बोलत आल्या. गप्पा रंगल्या होत्या, पण पाय चालूच. सातव्या कमानीबाहेर पडल्या आणि मग थांबून पोटभर बोलल्या. एका म्हाताऱ्याची चप्पल तुटली, तर तो गडी एक पाय घासत पार बाहेर गेला आणि तिथे वाकला. एका बाईची पिशवी फाटली, कांदे गडगडले. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कांदे तिथेच पडून राहिले.

मामाला काय वाटलं असेल? तुम्हाआम्हाला भीती वाटली असती. मामाला आनंद झाला. “अगं, सोन्यासारखी जागा आहे!” तो मामीला म्हणाला. “इथे कुणी थांबतच नाही. फोटोत माणसाचा डागसुद्धा येणार नाही.”

त्याची चूक ती हीच. दुसरा कुणी असता तर त्याने विचारलं असतं, का थांबत नाहीत?

खाली वाळूवर एक माणूस उलट्या घातलेल्या बोटीला निळा रंग देत होता. त्याने काठी घेऊन निघालेल्या मामीला हाक मारली.

“ताई, फोटो काढताय?”

“हो. मी नाही, हे काढतायत.”

“काढा की. पण तिथे उभ्या राहू नका. चालत राहा.”

“चालत राहिले तर मी फोटोत येणार नाही, दादा,” मामी हसून म्हणाली. “माझं कामच उभं राहायचं आहे.”

रंगवाला काहीतरी पुटपुटला आणि परत रंगाकडे वळला. मामी आधी वाकून कांदे वेचत पुढे गेली, बाजूला नीट रचून ठेवले. तशीच होती ती. मग चौथ्या कमानीशी, मामाने खडूने खूण केली होती तिथे, काठी धरून उभी राहिली. तोंड कॅमेऱ्याकडे.

बारा चाळीस. मामाने शटर उघडलं.

पहिल्या मिनिटात विशेष काही नाही. एक सायकलवाला गेला. दोन मुली गेल्या.

दुसऱ्या मिनिटात मामाला वाटलं, कान गच्च झालेत. त्याने बोट घालून कान हलवला. कान ठीक होते...

समुद्राचा आवाज येत नव्हता.

लाटा तर फुटत होत्या. डोळ्यांना दिसत होत्या. पण आवाज नाही. रेडिओ नाही. पाखरू नाही.

चार मिनिटं झाली, शटर मिटलं, आणि कुणीतरी बटण दाबावं तसा सगळा आवाज परत आला.

“झालं?” मामी ओरडली.

मामाने कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर फोटो बघितला. सात कमानी, सुरेख. समुद्र सपाट, सुरेख. चौथ्या कमानीशी काळी-पांढरी काठी...

एकटीच उभी होती.

धरणारं कुणी नव्हतं.

“हललीस तू!” मामा चिडला.

“मी? पापणीसुद्धा हलवली नाही. एकोणीसच्या पाढ्यापर्यंत गेले.”

“मग आली का नाहीस? इकडे ये, बघ.”

मामीने येऊन बघितलं आणि खळखळून हसली. “बरं झालं की! तुम्हाला फोटोत माणूस नकोच असतो.”

मामाला हसू आलं नाही. कारण त्याला त्याचं काम माहीत होतं. मामी हलली असती तर तिच्या हातातली काठीही हलली असती. काठी तर सुईसारखी स्पष्ट आली होती. एकेक पट्टा मोजता येत होता.

त्याने तो फोटो सोडून द्यायला हवा होता. निघून यायला हवं होतं. पण हट्टी माणूस. “परत उभी राहा,” म्हणाला.

ती उभी राहिली.

या वेळी मामाने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. चार मिनिटं नजर फक्त मामीवर. ती तिथेच होती. निळी साडी, पांढरी पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. देवाशपथ तिथेच होती.

आवाज पुन्हा गेला. तिसऱ्या मिनिटाला मामीची मान किंचित तिरकी झाली. मागून कुणी बोलावं आणि आपण कान द्यावा, तशी.

शटर मिटलं. मामी चढ चढून आली. चेहरा जरा उतरला होता.

“अहो, तुम्ही पाढे म्हणत होतात का?”

“मी कशाला म्हणू?”

“माझ्या मागे कुणीतरी म्हणत होतं. बरीच जणं. पण पाढे नव्हते ते. नुसते आकडे, एकेक करून, पुढे पुढे. फार मोठे आकडे हो. माझा पाढाच चुकला.”

मामाने पडदा तिच्यापासून वळवला आणि फोटो बघितला.

कमानी रिकाम्या नव्हत्या.

भिंतीला पाठ लावून माणसं उभी होती. एका ओळीत. बायका जास्त, दोन-तीन पुरुष, एक म्हातारी. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. आणि सगळी काठीइतकीच स्पष्ट. पदराची किनार दिसावी, बोटांची नखं दिसावीत, इतकी स्पष्ट.

चार मिनिटांत कुणी श्वास घेतला तरी छाती धूसर येते. यांच्यातल्या कुणाचीही छाती धूसर नव्हती.

चौथ्या कमानीशी काठी एकटीच होती.

मामी होती... पण तिथे नाही. ओळीच्या अगदी शेवटी. निळी साडी, पांढरी पिशवी. भिंतीला पाठ लावलेली, आणि तोंड समुद्राकडे.

“कसा आलाय?” मामीने विचारलं.

“चांगला आलाय,” मामा म्हणाला, आणि कॅमेरा बंद केला.

हे खोटं बोलल्याबद्दल त्याने स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

तिला लॉजवर सामान भरायला पाठवून मामा धावत त्या रंगवाल्याकडे गेला. रंगवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ब्रश डब्यात ठेवला.

“किती वेळ उभ्या होत्या ताई?”

“चार मिनिटं. दोनदा.”

“कुणाची वाट बघत होत्या?”

“कुणाची नाही हो! फोटोसाठी उभी होती.”

“आठवून सांगा. भाऊ, मुलगा, परगावी असलेलं कुणी?”

“कुणी नाही. तिचं जे काही आहे ते मीच, आणि मी समोर होतो.”

रंगवाला वाळूत खाली बसला.

“हे वाईट झालं,” तो म्हणाला. “तिथे जो थांबतो तो वाट बघायला लागतो. पूर्वीही लागायचे. पण त्यांची सुटका व्हायची. ज्याची वाट, तो यायचा. नाहीतर त्याची बातमी यायची. काही का असेना, एकदाचं संपायचं. जे राहिले ते कुणासाठी राहिले, हे तरी त्यांना ठाऊक आहे. ताईंना तर कुणाची वाटच नाही. मग येणार कोण? आणि संपणार कसं?”

मामाने त्याला वेड्यात काढलं. मोठमोठ्याने भांडला. आणि त्याच संध्याकाळच्या बसने मामीला घेऊन घरी आला.

दुसरा फोटो त्याने पुसून टाकला. पहिला, एकट्या काठीचा, कार्यालयाला पाठवून दिला. काम होतं ते. मामीही रोजच्यासारखीच होती. चार दिवस मामाच्या जिवात जीव आला.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं. मामी खिडकीशी उभी होती.

“अगं, दूध!”

“अय्या! दोन मिनिटं उभी राहिले फक्त.”

पाऊण तास झाला होता.

मग ते वाढत गेलं. बाल्कनीत उभी राहायची. त्या बाल्कनीतून दिसतं काय, तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. समुद्र तिथून दीडशे किलोमीटर. पण बाल्कनी पश्चिमेची. सकाळी उभी राहायची ती दुपारी हाक मारली की भानावर यायची. मग दुपारीही येईना. पाय सुजायचे. मामा खांद्याला धरून आणायचा, बसवायचा, भरवायचा. हात सोडला की ती परत बाल्कनीत.

डॉक्टर झाले. मोठे डॉक्टर झाले. डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं ठणठणीत. एकाने गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती उभ्या उभ्या झोपायची.

मी भेटायला गेले तेव्हा ती बाल्कनीतच होती. मला ओळखलं, गालाला हात लावला. “बारीक झालीस गं,” म्हणाली. मग तोंड फिरवलं. तिचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला...

आकडे होते. एकामागून एक. बारा हजार सातशे आठ. बारा हजार सातशे नऊ.

“मामी, कुणाची वाट बघतेस?”

ती विचारात पडली. खरंच मनापासून विचारात पडली.

“कळत नाही गं,” ती म्हणाली. “आठवलं की सांगते.”

त्या दिवशी मामाने मला सगळं सांगितलं. स्वयंपाकघराचं दार लावून, पोरासारखा रडत. आणि मग त्याने त्याचा बेत सांगितला.

“तिला कुणाची वाट नाही ना? मग तो ‘कुणी’ मी होईन. मी जातो. लांब जातो, फोन करत नाही, ठावठिकाणा कळवत नाही. माझी वाट बघेल. मग येतो. आलो की संपेल.”

मला तेव्हा तो बेत शहाणपणाचा वाटला. तुम्हालाही वाटला असता.

मी मामीजवळ राहायला आले. मामा गेला तो एकवीस दिवस. कुठल्याशा गावात खोली घेऊन नुसता भिंतीकडे बघत बसला होता. मी रोज मामीला सांगायचे, “मामा गेलाय. मामा कधी येतो कोण जाणे.” ती मान डोलवायची.

बाविसाव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मामाने चपलाही काढल्या नाहीत. थेट बाल्कनीत गेला.

“अगं, मी आलो.”

मामी वळली. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा हाकेला वळली! चेहरा लख्ख उजळला. वाटलं, सुटली. सुटली एकदाची.

तिने त्याला नीट बघितलं. आणि चेहरा पडला.

“तुम्ही होय,” ती म्हणाली.

“मीच! एवढे दिवस नव्हतो ना? मी आलो परत.”

“कुठे गेला होतात?” मामी म्हणाली. “मला वाटलं, आतल्या खोलीत आहात.”

मामा एक पाऊल पुढे सरकला.

“तुमची वाट कशी बघू हो?” तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. “तुम्ही मला सोडून कधी कुठे गेलातच नाहीत.”

आणि ती परत टाकीकडे तोंड करून उभी राहिली.

एखाद्याने आयुष्यभर केलेल्या मायेचं असं व्हावं? मी देवाला बरंच काही बोलले त्या दिवशी. उपयोग काय?

मामा रात्रभर खुर्चीत बसून राहिला. सकाळी त्याने तोंड धुतलं, दाढी केली आणि म्हणाला, “मी तिथे जातो. त्या कमानींखाली मीच उभा राहतो. मला तर ठाऊक आहे कुणाची वाट बघायची ती. तो रंगवाला म्हणाला होता, ज्याची वाट बघावी तो येतो.”

मी म्हणाले, “मामा, तो आणखीही काही म्हणाला होता.”

त्याने ऐकलं नाही. की ऐकायचं नव्हतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मामाचा फोन आला. “पोचलो. आता उभा राहतो. तू तिच्याजवळ थांब.”

मी बाल्कनीत स्टूल घेऊन बसले. मामीचे ओठ हलत होते. खाली भाजीवाला ओरडत होता...

भाजीवाल्याचा आवाज बंद झाला.

मी खाली बघितलं. त्याचं तोंड उघडमीट होत होतं. आवाज नव्हता. कुठलाच नव्हता.

त्या शांततेत मला मामीचे आकडे ऐकू आले. आणि ते थांबले.

ती वळली. भिंतीला पाठ टेकवली, पिशवी खांद्याला लावताना करतात तसा खांदा उचलला. तिच्या खांद्यावर काहीही नव्हतं.

“मी येते हं,” ती म्हणाली. मला नाही. माझ्या मागे कुणालातरी.

मी उठून धरेपर्यंत ती भिंतीवरून घसरली होती. आवाज परत आला तेव्हा भाजीवाला कोथिंबिरीचं काहीतरी सांगत होता. बारा त्रेचाळीस झाले होते.

फोन मीच केला. दुसरं कोण करणार? मामाचा नंबर लावला. तिकडे घंटी वाजली.

“मामा... मामी गेली.”

तिकडून लाटांचा आवाज आला.

“बातमी आली,” मामा म्हणाला.

एवढंच म्हणाला. ओरडला नाही, रडला नाही. मी केलेला फोन म्हणजेच ती बातमी होती, हे मला कितीतरी वेळाने उमगलं. त्याने वाट बघितली नसती तर? मी फोन केला नसता तर? वर्ष झालं, हे दोन प्रश्न माझ्या उशाशी आहेत.

मामीला निरोप देऊन झाल्यावर आठवड्याने मामा पुन्हा तिथे गेला. निदान ती सुटली असेल, एवढं त्याला बघायचं होतं. रिकाम्या कमानींचा, चार मिनिटांचा फोटो काढला. तो मला दाखवला. मी बघितलाय. या डोळ्यांनी.

ओळ तशीच होती. शेवटी मामी. निळी साडी, पांढरी पिशवी, नजर समुद्रावर.

आम्ही तिला निळ्या साडीत निरोप दिला नव्हता.

मामा आता त्याच गावात राहतो. घर विकलं, कॅमेरा कुणालातरी देऊन टाकला. मी खूप समजावलं. तो म्हणतो, “ती कुठे गेली की मी बरोबर जातो, तुला माहीत नाही का?”

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. आमच्या घरातलं दुःख आमच्या घरात.

पण मागच्या महिन्यात त्या कार्यालयाने जुन्या इमारतींचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर तो पहिला फोटो आहे. सात कमानी, दुधासारखा समुद्र आणि एकटीच उभी काठी. फोटो सगळ्यांना फार आवडलाय. फोनवर फिरतोय. लोक सुट्टीच्या दिवशी गाड्या करून तिथे जातात. कमानींखाली भिंतीला टेकून उभे राहतात, केस नीट करतात, हसतात, एक नीट आला नाही तर दुसरा काढतात. हातात हात घालून समुद्राकडे बघत राहतात. पाच-पाच, दहा-दहा मिनिटं.

कुणाचीही वाट न बघता.

मामा दिवसभर त्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असतो. “थांबू नका, चालत राहा,” सांगत असतो. लोक त्याला वेडा समजतात. काही त्याचाही फोटो काढतात. तो येत नाही त्यात नीट, चालत असतो ना.

रोज संध्याकाळी तो मला फोन करतो. कशी आहेस विचारत नाही.

काल म्हणाला, “आज त्रेचाळीस जण थांबले. एकीच्या कडेवर बाळ होतं.”

मी फोन कानाला धरून बसले. त्याने ठेवला नाही, मीही ठेवला नाही.